बंदिस्त स्नोमोबाइल ट्रेलरची दुरुस्ती : आधी सांगाडा, मग पत्रा

पेट्रोल पंपावरच्या पिवळ्या खांबाला ट्रेलरची कड घासते, किंवा अरुंद आवारात गाडी मागे घेताना ट्रेलर नको तितका वळतो आणि गाडीचा मागचा कोपरा त्याच्या नाकाडात शिरतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या अपर पेनिन्सुला भागात स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी, पुढे स्की आणि मागे पट्टा असलेली गाडी) वाहून नेणाऱ्या बंदिस्त ट्रेलरांचे जे अपघात मी पाहिले, त्यांतले बहुतेक याच दोन प्रकारांत मोडतात. ट्रेलरच्या भिंतीचा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण ०.०३० इंच, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. तो भार पेलत नाही. आतल्या चौकोनी नळ्यांच्या सांगाड्यावर तो केवळ पांघरलेला असतो. त्यामुळे पोचा कितीही भीषण दिसला तरी खरे नुकसान बहुधा पोच्याच्या मागे असते, आणि त्याहून मोठे नुकसान पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत पाणी करते. सरकलेल्या सांध्यातून वितळलेला बर्फ आत झिरपतो, तळाचे प्लायवुड कुजते आणि रस्त्यावरच्या मिठाने स्क्रू खाल्ले जातात. म्हणून दुरुस्ती नेहमी आतून बाहेर करत यावी : आधी सांगाडा, मग तळ, मग पत्रा, आणि शेवटी सांधे.

या कामासाठी जून ते ऑगस्ट हे महिने राखून ठेवावेत. यामागे केवळ सोय नाही. सांध्यात भरायचे पॉलियुरेथेन सीलंट ५ अंश सेल्सिअसच्या खाली नीट धरत नाही, आणि पत्रा चिकटवण्याच्या दुहेरी टेपला २० अंशांच्या वर हवा लागते. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडल्यावर ट्रेलरची आठवण होणाऱ्यांनी त्या वर्षापुरती तात्पुरती पट्टी मारावी आणि खरे काम उन्हाळ्यावर ढकलावे.

पाहणी

पहिल्यांदा ट्रेलर पूर्ण रिकामा करावा. स्नोमोबाइलच्या टाकीत चाळीसेक लिटर पेट्रोल मावते आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद ट्रेलरच्या तळाशी साचून राहते. दोन्ही दरवाजे उघडून निदान तासभर हवा खेळू द्यावी आणि इंधनाचे सुटे डबे बाहेर काढावेत. ड्रिल किंवा ग्राइंडर त्यानंतरच आणावा. विमा असल्यास काहीही उचकटण्यापूर्वी चारही बाजूंचे, आतले आणि खालचे फोटो काढावेत. पुढच्या भागावर लावलेली १७ अक्षरी ओळख क्रमांकाची आणि वजनमर्यादेची पट्टी कोणत्याही कारणाने काढू नये. ती ज्या पत्र्यावर असेल तो पत्रा बदलावा लागणार असेल, तर विमा कंपनी आणि राज्याच्या नोंदणी कार्यालयाला आधी विचारून घ्यावे.

त्यानंतर ट्रेलर सपाट जागेवर उभा करून, चाकांना अडणी लावून मापे घ्यावीत. समोरच्या कपलरच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवणाऱ्या भागाच्या, मध्यबिंदूपासून डाव्या चाकाच्या हबच्या मध्यापर्यंत आणि तिथूनच उजव्या हबच्या मध्यापर्यंत फीत लावावी. दोन्ही मापांत सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असेल, तर धक्का पत्र्यावर थांबलेला नाही. तो चौकटीपर्यंत किंवा ॲक्सलपर्यंत, म्हणजे चाकांच्या आसापर्यंत, पोचला आहे. मागच्या दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्णही मोजावेत. दरवाजा पूर्वी सहज लागत होता आणि आता एका कोपऱ्यात घासतो, ही खूण तर फितीपेक्षाही बोलकी असते.

आतून लावलेले पातळ प्लायवुडचे किंवा प्लास्टिकचे अस्तर धक्क्याच्या जागेपासून दोन्ही बाजूंना एकेक खांब पुढेपर्यंत काढावे. भिंतीतले उभे खांब सहसा १६ किंवा २४ इंचांवर असतात. विजेरी तिरकी धरून प्रत्येक खांबाचा वरचा आणि खालचा वेल्ड तपासावा. ॲल्युमिनियमवरची केसासारखी चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वेल्डिंगच्या दुकानात मिळणारे लाल शोधद्रव्य लावून, पुसून, त्यावर पांढरी फवारणी केली की चीर असल्यास लाल रेघ उमटते. समोरचे ए आकाराचे जोखड, म्हणजे कपलर ज्या दोन नळ्यांना जोडलेला असतो तो भाग, धक्का कुठेही बसलेला असला तरी याच पद्धतीने तपासावा.

सांगाडा

इथे एक मोह आवरावा लागतो. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये पोलादी चौकट तापवून, ठोकून सरळ केलेली आपण लहानपणापासून पाहिलेली असते. ॲल्युमिनियमला हा उपाय चालत नाही. पोलाद तापले की लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम रंग न बदलता ६६० अंशांना वितळते, आणि सांगाड्यात वापरले जाणारे मिश्रधातू तर त्याच्याही अलीकडे ढासळू लागतात. शिवाय या नळ्यांची ताकद कारखान्यात दिलेल्या उष्णतासंस्कारातून आलेली असते, ती पुन्हा तापवल्यावर उतरते. वेल्डच्या भोवतालचा पट्टा मूळ धातूपेक्षा बराच मऊ होतो, म्हणूनच अनुभवी वेल्डर नुसता तुटका तुकडा टोकाला टोक लावून जोडत नाही. तो आत बसणारी नळी किंवा बाहेरून जाड पट्टी देऊन भार लांबवर वाटून देतो.

किंचित वाकलेला भिंतीचा उभा खांब तसाच राहू द्यायला हरकत नाही; त्याच्या शेजारी त्याच मापाची सरळ नळी उभी करून दोन्ही टोकांना जाड कोनपट्ट्यांनी रिव्हेट करावी आणि पत्रा त्या नव्या नळीवर बसवावा. चिरलेला किंवा घडी पडलेला खांब मात्र कापून बदलावा. खांबाच्या पत्र्यासारख्या पातळ जागी छोटी चीर असेल, तर तिच्या टोकाशी ३ मिलिमीटरचे भोक पाडल्याने ती पुढे धावायची थांबते. पण हा उपाय फक्त दुय्यम भागांसाठी आहे. जोखड, कपलर, मुख्य आडव्या नळ्या आणि ॲक्सलची बैठक यांचे वेल्डिंग प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्यावे, घरच्या यंत्राने करू नये. वाकलेला कपलर तर सरळ करायचाच नाही, नवा लावायचा.

बहुतेक नव्या ट्रेलरांना टॉर्शन ॲक्सल असतो, ज्यात चौकोनी नळीच्या आत दाबून बसवलेले रबर स्प्रिंगचे काम करते. तो वाकला, तर दुरुस्ती नाही, पूर्ण ॲक्सलच बदलावा लागतो. त्याच्या जवळ वेल्डिंग केल्यास रबर भाजते आणि ते बाहेरून कळत नाही. वेल्डिंगपूर्वी ट्रेलर गाडीपासून सोडवून घ्यावा आणि आपत्कालीन ब्रेकच्या छोट्या बॅटरीची तार काढावी.

जोखड पिळवटलेले असेल, किंवा चौकटीचे कर्ण बोटभर वेगळे भरत असतील, तर मी दुरुस्तीचा नाद सोडण्याचा सल्ला देईन. अशा ट्रेलरवर हजारो डॉलर खर्च करूनही तो हमरस्त्यावर तिरका चालतो आणि टायर एका बाजूने खातो.

तळाची फळी

धक्का भिंतीला बसला असला तरी तळ तपासावाच, कारण स्नोमोबाइल ट्रेलरचा तळ हा मुळातच छळ सोसत असतो. स्कीखालच्या कार्बाइड पट्ट्या आणि ट्रॅकचे खिळे फळीला ओरखडतात, त्या ओरखड्यांत वितळलेला खारट बर्फ मुरतो, आणि सगळे पाणी शेवटी मागच्या उंबरठ्यापाशी जमते. पेचकस घेऊन मागच्या दोन फुटांत आणि भिंतीच्या कडेने दर हातभर अंतरावर टोचत जावे. टोक सहज रुतले, तर ती फळी गेली. खाली सरपटत जाऊन तोच भाग खालूनही पाहावा. काळा डाग आणि पापुद्रे सुटलेले थर हे कुजण्याचे लक्षण आहे.

फळी कापताना खालच्या आडव्या नळ्या शोधून, जोड नळीच्या मध्यावर येईल असा काप घ्यावा. दोन नळ्यांच्या मध्ये हवेत लोंबणारा जोड काही महिन्यांत खचतो. नवी फळी पाऊण इंच जाडीची, बाहेरच्या हवेत टिकणाऱ्या गोंदाची असावी. इथे अनेक जण एक चूक करतात : कुजू नये म्हणून रसायन पाजलेले हिरवट प्लायवुड आणतात. त्या रसायनात तांबे असते, आणि ओलाव्यात तांब्याच्या संगतीने ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर साधे मरीन प्लायवुड घ्यावे, त्याच्या सहाही बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, पातळ इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, आणि मगच ते बसवावे. जुने स्क्रू काढताना त्यांच्याभोवती पांढरी भुकटी दिसेल. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मिठाचे पाणी एकत्र आले की ते एक प्रकारची बॅटरीच होते आणि तिच्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. भुकटी तारेच्या स्टेनलेस ब्रशने साफ करावी, भोक मोठे झाले असल्यास दीड-दोन इंच सरकून नवे भोक घ्यावे, आणि नव्या लेपित स्क्रूच्या आट्यांना गंजरोधक मलम लावूनच तो पिळावा.

फळी पक्की झाल्यावर स्कीच्या मार्गावर प्लास्टिकच्या सरकपट्ट्या लावाव्यात. त्यांनी फळीचे आयुष्य बरेच वाढते, मात्र त्यांच्या प्रत्येक स्क्रूखालीही सीलंटचा थेंब हवा.

पत्रा

आता दिसणाऱ्या जखमेकडे यावे. पातळ ॲल्युमिनियमचा पोचा हातोडी आणि ठोकळ्याने निघत नाही. धक्क्याने पत्रा ताणला गेलेला असतो आणि ठोकल्याने तो आणखी पसरतो. शिवाय त्यावरचा रंग कारखान्यात भाजलेला असल्याने वळणावर तडकतो. तळहाताएवढा उथळ पोचा आतून हाताने दाबून जेवढा येईल तेवढा आणावा आणि त्याला तसाच राहू द्यावा. त्यातून पाणी येत नाही. फाटलेल्या पत्र्याला मात्र ठिगळ किंवा नवा पत्रा, हे दोनच मार्ग आहेत.

ठिगळ लावताना फाटलेली जागा गोलाकार कोपरे ठेवून कापून काढावी, कारण काटकोनी कोपऱ्यातून नवी चीर सुरू होते. ठिगळ चारही बाजूंनी दोन इंच मोठे घ्यावे आणि त्याचेही कोपरे गोल करावेत. दोन पत्र्यांच्या मध्ये ब्युटाइलची चिकट पट्टी ठेवून दर दीड-दोन इंचांवर रिव्हेट मारावेत. वरची कड शक्य असेल तिथे वरच्या पत्र्याच्या किंवा पट्टीच्या आत सरकवावी. कोकणातल्या घरावर कौले जशी वरचे खालच्यावर चढवून बसवतात, तसाच प्रत्येक जोड असावा, म्हणजे पाणी सीलंटच्या भरवशावर राहत नाही. मोटारीच्या पुढच्या कोपऱ्याने फाडलेल्या माझ्या स्वतःच्या ट्रेलरच्या नाकाडावर मी नक्षीदार जाड पत्र्याचे ठिगळ लावले. तिथे मुळातच दगड लागू नयेत म्हणून तसाच पत्रा असल्यामुळे आज ते वेगळे ओळखू येत नाही.

संपूर्ण पत्रा बदलायचा असेल, तर आधी वरची आणि खालची कडपट्टी सोडवावी लागते. जुना रिव्हेट काढताना त्याच्याच मापाचे, बहुधा ३/१६ इंचाचे, ड्रिल फक्त डोके सुटेपर्यंत चालवावे आणि उरलेला दांडा पंचने आत ढकलावा. भोक आरपार पाडत गेल्यास ते लांबट होते आणि नवा रिव्हेट सैल बसतो. स्क्रूविना चिकटवलेला पत्रा असेल, तर बाहेरून गरम हवेच्या बंदुकीने खांबाच्या रेषेवर तापवत, मागून पातळ तार करवतीसारखी ओढत टेप कापत जावे. हे काम संथ आहे आणि त्यात घाई केल्यास खांब ओरबाडला जातो.

नवा पत्रा चिकटवण्यापूर्वी खांब अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात घेऊन पुसावा. बोटाचा तेलकट ठसाही टेपला पुरेसा शत्रू आहे. टेप एकदा टेकली की पत्रा सरकवता येत नाही, म्हणून दोन माणसे हवीत आणि वरच्या कडेची रेघ आधीच आखलेली हवी. टेकवल्यावर रबरी रुळाने जोर देऊन दाबावे. पहिल्या दिवसात बहुतेक पकड येते, पण पूर्ण ताकदीला ७२ तास लागतात, तोपर्यंत ट्रेलर हलवू नये.

हे सगळे उबदार दिवशीच करण्याचे आणखी एक कारण आहे. ॲल्युमिनियम तापमानाप्रमाणे बरेच फुगते आणि आकसते. उणे ३० अंशांच्या जानेवारीपासून उन्हात ५० अंशांपर्यंत तापलेल्या भिंतीपर्यंत आठ फुटी पत्र्याची लांबी सुमारे साडेचार मिलिमीटरने बदलते. थंडीत ताणून बसवलेला पत्रा उन्हाळ्यात लाटांसारखा फुगतो, आणि मग कोणताही उपाय चालत नाही.

छत, सांधे आणि दरवाजा

सांध्यात सिलिकॉन भरू नये. ते स्वस्त आहे, कुठेही मिळते आणि पहिल्या वर्षी उत्तम दिसते. पण नंतर त्यावर रंग धरत नाही, दुसरे सीलंट चिकटत नाही, आणि ते पूर्णपणे खरवडून काढणे हे दुरुस्तीतले सर्वांत कंटाळवाणे काम ठरते. उभ्या सांध्यांना पॉलियुरेथेन, आणि छतावरच्या सपाट जागांना आपोआप पसरणारे छताचे सीलंट वापरावे. दोन्हींच्या आधी जुने सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण काढावे. जुन्यावर नवा थर देणे म्हणजे गळती झाकणे आहे. छताची पुढची कड, वायुवीजनाच्या झाकणाचा घेर आणि वरच्या दिव्यांच्या मागची भोके, या तीन जागी पाणी सर्वांत आधी शिरते. धक्का नाकाडाला बसला असेल, तर छताच्या पुढच्या कडेचे सीलंट दिसायला धड असले तरी नव्याने भरावे.

रॅम्पच्या, म्हणजे खाली उघडून उतार होणाऱ्या, दरवाजाबाबत एकच सांगणे आहे, पण ते गंभीर आहे. दरवाजा उचलायला मदत करणारी स्प्रिंग दरवाजा खाली असताना सर्वाधिक ताणलेली असते आणि बंद असतानाही तिच्यात ताण उरतो. बिजागऱ्या किंवा दोरखंड सोडवण्यापूर्वी दरवाजा बंद करून कुलपे लावावीत, आणि ताण उतरवण्यासाठी बनवलेल्या पोलादी सळ्यांनीच तो टप्प्याटप्प्याने उतरवावा. पेचकस किंवा पान्याने हा प्रयोग करू नये. ज्यांनी हे काम कधी पाहिलेले नाही त्यांनी गॅरेजच्या दरवाजांची कामे करणारा माणूस बोलवावा.

दिवे, ब्रेक आणि चाके

धक्क्याने तार कुठेतरी चेमटलेली असते, आणि मिठाने अर्थिंग खाल्लेले असते. सात पिनांच्या प्लगमध्ये पांढरी तार अर्थिंगची आणि निळी इलेक्ट्रिक ब्रेकची असते. बाकीचे रंग दोन वेगवेगळ्या पद्धतींत बदलतात, म्हणून रंगावर विसंबू नये, मीटरने पाहावे. दिव्याचे अर्थिंग चौकटीवरच्या स्क्रूतून घेतलेले असेल, तर ही संधी साधून प्रत्येक दिव्यापासून स्वतंत्र पांढरी तार मागे आणावी. जोड आतून गोंद असलेल्या, तापवून आवळणाऱ्या नळीचेच असावेत. प्रत्येक ब्रेकच्या चुंबकाचा रोध साधारण ३ ओहम भरतो. तो अगदी शून्याजवळ असेल तर आत तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे.

ज्या बाजूला धक्का बसला त्या बाजूचे चाक काढून बेअरिंगला नवे ग्रीस भरावे आणि ग्रीस रोखणारे सील नवे घालावे. टायरच्या बाजूवर डीओटी (अमेरिकी वाहतूक खाते) क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तो सहा-सात वर्षांहून जुना असेल, तर नक्षी कितीही खोल असली तरी तो बदलावा, कारण ट्रेलरचा टायर झिजून नव्हे, उभ्या उभ्या वाळून फुटतो.

पाण्याची चाचणी

सीलंट वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा. मग एकाने विजेरी आणि खडू घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून बागेच्या नळीने, जोराची फवारणी न करता, खालून वर पाणी सोडत जावे. प्रत्येक सांध्यावर निदान पाच मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली, तर ओघळणारे पाणी खालच्या सांध्यातही शिरते आणि दोष नेमका कुठे आहे ते कळत नाही. आत ओल दिसली तिथे खडूने खूण करावी, पण लक्षात ठेवावे की पाणी नळीच्या कडेने दोन-तीन फूट प्रवास करून मग टपकते. आतले अस्तर ही चाचणी पार पडेपर्यंत लावू नये, आणि लावताना धक्क्याच्या जागेपुरता तुकडा स्क्रूने सोडवता येईल असा ठेवावा.

चाकांचे नट टॉर्क पान्याने, अर्धा इंची खुंट्या असल्यास ९० ते १२० फूट-पाउंडांच्या मध्ये, एकमेकांसमोरच्या क्रमाने आवळावेत, आणि सुमारे १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा तपासावेत. त्याच थांब्यांवर हबला हात लावून पाहावा. एका बाजूचा हब दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागला, तर तिथले बेअरिंग अति आवळले गेले आहे किंवा ब्रेक धरून ठेवत आहे. दोन्ही स्नोमोबाइल चढवल्यावर कपलरवरचे वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत आहे ना, हे ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर एकदा पाहून घ्यावे, कारण नवी फळी, जाड पत्रा आणि पट्ट्या यांनी पुढचा भाग जड झालेला असतो. हिवाळ्यातल्या पहिल्या फेरीनंतर, ट्रेलर धुऊन वाळवताना, मागच्या उंबरठ्यापाशी पेचकस पुन्हा एकदा टोचून पाहावा.